वहिनींचे पाय पोचत नाहीत

चिखलातून आणलेली बाईक धुवायला घेतली की एक गंमत होते. पाण्याचा फवारा मारून मारून ती चकाचक करावी, आता झालं म्हणून फडकं हातात घ्यावं, की मडगार्डच्या आतून भदकन् अजून एक ढेकूळ पडतं. आमच्या ग्रुपच्या किश्श्यांचं अगदी तस्संच आहे. संपले म्हणून चहाचा कप खाली ठेवावा, तर कोणीतरी म्हणतंच, "अरे, आणि ते घोड्याचं?"

आमचा ग्रुप म्हणजे इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीतली पाच मराठी डोकी. वेल्सच्या डोंगरांत जुने घोडागाड्यांचे कच्चे रस्ते आहेत. दगड, चिखल, ओढे, सगळं आहे, पण कायद्याने ते अजून रस्तेच. बाईकला नंबरप्लेट आणि तुमच्याकडे लायसन्स असलं की बिनधास्त जा. आम्ही महिन्यातल्या एखाद्या रविवारी व्हॅनमध्ये बाईक्स टाकून जातो. मोहनकाका आमचे लीडर. रिटायर्ड माणूस, नकाशा तोंडपाठ. सुहासदादा अकाउंटंट. काकांची भाची ईशा फिजिओथेरपिस्ट, इथेच जन्मलेली, त्यामुळे मराठी जरा मोडकं. मग मी, निखिल, गाड्यांचे ब्रेक टेस्ट करून पोट भरणारा. आणि पाचव्या सुहासदादांच्या बायको, वृंदावहिनी.

वहिनी बाईक चालवत नसत. त्या व्हॅन चालवत. आम्ही डोंगरात गेलो की कारपार्कात बसून राहत, थर्मास, डबे आणि फर्स्ट-एडची पेटी सांभाळत. वर्षानुवर्षं! आणि आमच्यापैकी एकालाही कधी वाटलं नाही की या बाईला विचारावं, "काय हो, तुम्हाला यायचंय का?"

*

पहिला मान सुहासदादांच्या बाईकचा.

दादांना बाईक घ्यायची होती. माणसाने सहा महिने व्हिडिओ बघितले. जेवताना व्हिडिओ, दाढी करताना व्हिडिओ. शेवटी घेतली कुठली? खास शर्यतीसाठी बनवलेली! हलकी, उंच, आणि नुसता हात लावला तरी उडी मारणारी. मी म्हटलं, "दादा, आपल्याला शर्यत नाही लावायची, आपल्याला डबा खायला डोंगरावर जायचंय."

"अरे, क्वालिटी बघ ना!" दादा म्हणाले.

आता शर्यतीच्या बाईकची भानगड अशी असते की तिचं सर्व्हिसिंग मैलांवर नाही, तासांवर मोजतात. थोडे तास चालवली की बदला इंजिन ऑइल. त्यामुळे एक रविवार डोंगरात की पुढचा शनिवार गॅरेजमध्ये, असं दादांचं सुरू झालं. ऑइलचे डबे, फिल्टर, हात काळे, नाक काळं. शेजारी मदतीला मी, कारण मला नाही म्हणता येत नाही.

एका शनिवारी वहिनी चहा घेऊन आल्या, तर दादा पुन्हा बाईकखाली आडवे! वहिनींनी ट्रे ठेवला, बाईककडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "अहो, बाळंतिणीला पण एवढं तेल लागत नाही!"

दादांनी पुढच्याच महिन्यात ती विकली आणि कच्च्या रस्त्यांसाठीची साधी, गरीब स्वभावाची ट्रेल बाईक आणली.

*

आता ते घोड्याचं.

या रस्त्यांवर आपल्यासारखेच घोडेवालेही हिंडत असतात. नियम असा की घोडा दिसला की बाजूला व्हायचं, इंजिन बंद करायचं आणि गप्प उभं राहायचं. एकदा समोरून एक बाई घोडीवर आल्या. आम्ही शहाण्यासारखे बाजूला झालो, इंजिन्स बंद. पण घोडी हलेना! कान टवकारून मोहनकाकांच्या हेल्मेटकडे बघत उभी.

बाई म्हणाल्या, "जरा काहीतरी बोला ना तिच्याशी. म्हणजे तिला कळेल की आत माणूस आहे."

काका तसे बोलघेवडे. लग्नात आहेर देताना पण भाषण करतात. पण घोडीशी काय बोलणार? तेही इंग्लिशमध्ये? काका बावचळले. घोडीने नाकातून जोरात फुर्र केलं. आणि काकांनी घाबरून सुरू केलं, "बे एके बे... बे दुणे चार... बे त्रिक सहा..."

तुम्हाला खोटं वाटेल, पण घोडीचे कान खाली आले! बे पंचे दहापर्यंत ती चालायला लागली आणि बे दाहे वीसला आमच्या अगदी जवळून, मान डोलवत निघून गेली.

बाई वळून कौतुकाने म्हणाल्या, "व्वा! काय सांगितलंत तिला?"

काका हेल्मेट काढून घाम पुसत म्हणाले, "मॅथेमॅटिक्स."

*

पुढचा किस्सा आमच्या सभ्यतेचा. सभ्यतेने माणूस गोत्यात येतो, हे माझं जुनं मत आहे.

डोंगरातल्या रस्त्यांवर दर थोड्या अंतराला फाटक असतं, मेंढ्या अडवायला. नियम सोपा आहे. जो उघडेल त्याने सगळे पार होईपर्यंत धरून ठेवायचं आणि स्वतः शेवटी निघून बंद करायचं. इंग्रज ग्रुप हे झोपेत करतात. पण आमच्यात काय होतं? काकांनी फाटक उघडलं आणि धरून उभे राहिले. झालं! वयाने मोठा माणूस फाटक धरून उभा, आणि आपण बाईकवरून रुबाबात जायचं?

"छे छे काका, तुम्ही व्हा पुढे, मी धरतो," सुहासदादा.

मग मला लाज वाटली. "दादा, तुम्ही निघा, मी आहे ना."

मग ईशा म्हणाली, "निखिलदादा, तुझा पाय दुखते ना? तू जा, मी करते."

तेवढ्यात काकांना वाटलं, पोरीला एकटीला मागे कशाला ठेवायचं, म्हणून ते परत आले आणि तिला पुढे पाठवलं. मग काकांसाठी दादा परत आले. असं करत करत सगळे एकमेकांना आग्रह करत पार झालो. पंगतीत जिलबी वाढताना करतात ना, अगदी तसा आग्रह! खाली कारपार्कात पोचलो, इंजिन्स बंद केली, तरी मागून आवाज येतोय. बॅऽऽ!

वळून बघतो तर रस्ताभर मेंढ्या! आमच्या मागोमाग ओळीने निघालेल्या. आणि त्यांच्या मागून चार चाकी क्वाडबाईकवर लालबुंद चेहऱ्याचा शेतकरी.

"शेवटी कोण होतं?" तो ओरडला.

आम्ही चौघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं.

"म्हणजे शेवटी कोणी नव्हतंच?"

आम्ही मेंढ्या वळवायला धावलो. मोटरसायकलचे जड बूट घालून मेंढीमागे धावायचं म्हणजे काय, ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. एक इकडे, तर दोन तिकडे. शेतकऱ्याने कपाळाला हात लावला.

तेवढ्यात व्हॅनचं दार उघडलं. वहिनी खाली उतरल्या. हातात चिवड्याचा स्टीलचा डबा. त्यांनी तो कानाशी धरल्यासारखा करून जोरजोरात हलवला. खळ्ळ खळ्ळ खळ्ळ! सगळ्या मेंढ्या थांबल्या. माना वर. खाण्याच्या बादलीचा आवाज त्यांना बरोबर कळतो म्हणे! वहिनी डबा हलवत पुढे आणि मागे अख्खा कळप, शाळेतली मुलं असावीत तसा. शाळेतच तर काम करतात त्या, टीचिंग असिस्टंट. फाटकाच्या आत नेऊन सोडल्या आणि फाटक लावून आल्या.

शेतकरी बघतच राहिला. "आहे काय त्या डब्यात?"

वहिनींनी झाकण उघडून पुढे केलं. मेंढ्यांना एक दाणा मिळाला नाही, पण त्याने मात्र उभ्या उभ्या डबा संपवला. जाताना वहिनींना म्हणाला, "तुम्ही कधीही या." आमच्याकडे बघून काहीच म्हणाला नाही!

*

त्याच सुमाराला वहिनी दर शनिवारी सकाळी 'योगाला' जायला लागल्या.

दादांना आनंद झाला. योगा चांगला, गुडघ्यांना बरं. पण वहिनी परत यायच्या त्या लंगडत. कधी कोपर खरचटलेलं, कधी नडगीवर निळा डाग. दादांनी एकदा विचारलंच, "कसला गं योगा हा?"

"पॉवर योगा," वहिनी म्हणाल्या आणि कुकर लावायला गेल्या.

दादा माझ्याकडे येऊन काळजी करायला लागले. "निखिल, ती बाई शिकवते की मारते रे?" मी काय सांगणार! मी नेटवर पॉवर योगा बघितला, तर त्यात कोणी पडताना दिसेना.

मग एका रविवारी त्यांच्याकडे आम्ही सगळे जेवायला होतो. श्रीखंड-पुरीचा बेत. दादांनी विचारलं, "आज काय विशेष?" वहिनींनी पदराला, म्हणजे ॲप्रनला, हात पुसले आणि दादांच्या ताटाशेजारी मोटरसायकलचं लायसन्स ठेवलं. थिअरी, प्रॅक्टिकल, सगळं पास!

पुरी हातात धरून दादा बघत बसले. आम्ही आरडाओरडा केला. ईशाने तर टेबलावर चमचा वाजवला. वहिनी शांतपणे म्हणाल्या, "मला कारपार्कात बसून कंटाळा आलाय. तुम्ही सगळे परत येता तेव्हा तुमचे चेहरे लहान मुलांसारखे झालेले असतात. मला बघायचंय, वर आहे तरी काय."

खरं सांगतो, त्या दिवशी मी दुसऱ्यांदा श्रीखंड मागितलं नाही. इतकी वर्षं त्यांच्या हातचं खाल्लं आणि एवढी साधी गोष्ट कळली नाही.

*

लायसन्स मिळालं, पण बाईक मिळेना!

वहिनी पाच फूट. म्हणजे त्या म्हणतात पाच. आणि डोंगरातल्या बाईक्स असतात उंच, दगडांवर पोट घासू नये म्हणून. दुकानात गेलो. सेल्समन पोरगा गोड होता, पण वहिनींचा प्रश्न आला की उत्तर दादांना द्यायचा.

वहिनी विचारणार, "वजन किती?" तो दादांना, "सर, वजन अगदी कमी आहे."

वहिनी विचारणार, "सीट खाली करता येते का?" तो दादांना, "सर, मॅडमसाठी खाली करू."

शेवटी वहिनी म्हणाल्या, "तू सरांना विचार, मॅडमनी आता चढून बघितलं तर चालेल का?"

चढून बघितलं. बाईक स्टँडवर होती तोपर्यंत राणीसारख्या बसल्या. स्टँड काढला तेव्हा दोन्ही पाय हवेत! उजवीकडे कलल्या तर उजव्या पायाचा अंगठा टेके, डावीकडे कलल्या तर नुसताच बूट. दुकानातल्या सगळ्या बाईक्स झाल्या. प्रत्येकीचं तेच. पोरगा म्हणाला, "सर, जाड सोलचे बूट घेतले तर?"

मग दादांनी स्वतःची बाईक दिली, रिकाम्या कारपार्कात. वहिनींनी झकास चालवली, वळवली, आणि थांबायला गेल्या. पाय खाली गेला तर खाली जमीनच नाही! धाडकन पडल्या. लागलं नाही, पण पुन्हा बाईकला हात लावला नाही. हेल्मेट काढून व्हॅनच्या पायरीवर बसल्या. मी पाणी घेऊन गेलो, तर म्हणाल्या, "निखिल, काही माणसांच्या नशिबात कारपार्कच असतो रे."

मला इतकं वाईट वाटलं! शेजारी बसलो, झालं.

*

मार्ग काढला ईशाने. पोरगी मराठी बोलताना अडखळते, पण डोकं सुपारीसारखं टणक. ती म्हणाली, "तुम्ही सगळे उलटा करते. नवीन, मोठी, पॉवरवाली. वहिनीला जुनी, छोटी पाहिजे. पडली तर तिला एकटीला उचलता आली पाहिजे. बास!"

आणि तिने सरळ फोन लावला त्या चिवडावाल्या शेतकऱ्याला! काकांनी माफी मागायला त्याचा नंबर घेऊन ठेवला होता. शेतकऱ्याच्या शेडमध्ये त्याच्या बायकोची जुनी ट्रेल बाईक पडून होती. छोटं इंजिन, बुटकी सीट, ताकद बेताची. दोघं आता क्वाडवरून फिरत. तो म्हणाला, "दुरुस्त करून घ्या, सीझनभर वापरा. जमलं तर ठेवा, नाही तर परत आणा."

आम्ही ती कॉव्हेंट्रीत आणली. मी ब्रेक बघितले, दादांनी तेल बदलण्याची हौस फेडून घेतली, एमओटी, म्हणजे गाडीची सरकारी वार्षिक तपासणी, पास करून घेतली. आणि दसरा आला! दादांच्या ड्राइव्हवेवर पूजा. हळदकुंकू, झेंडूचा हार, नारळ, चाकाखाली लिंबू. आता साध्या टायरखाली लिंबू चिरडतं. या टायरला बोटभर दाते. वहिनींनी बाईक पुढे घेतली, लिंबू दोन दात्यांमध्ये अडकलं, चाकाबरोबर वर गेलं आणि सुटलं ते थेट शेजारच्या बॅरीच्या अंगणात. बॅरी गुलाब छाटत होता.

आम्ही जीभ चावली. आता हा कौन्सिलला फोन करणार! बॅरी लिंबू हातात घेऊन आला, म्हणाला, "हे काय चाललंय?"

काकांनी समजावून सांगितलं. वर्षभर मशीनने साथ द्यावी, कोणाला इजा होऊ नये, म्हणून करतो. बॅरीने ऐकून घेतलं. वळून घरी गेला. पाच मिनिटांनी गेटमधून खडखड आवाज आला. बॅरी लॉनमोअर ढकलत घेऊन आला होता.

"हिचं पण करा," म्हणाला. "तीन उन्हाळे झाले, एका झटक्यात सुरू होत नाहीये."

*

आणि आता वहिनींचा तो रविवार.

आमच्या नेहमीच्या डोंगरावर एक लेन, म्हणजे कच्ची वाट, आहे. स्लेटच्या, म्हणजे पाटीच्या गुळगुळीत दगडांच्या पायऱ्या, त्यांवरून पाण्याचे ओघळ, वर शेवटी हिरवं सपाट माळरान. आम्ही तिला 'जिना' म्हणतो. आदल्या दिवशी वहिनींनी जाहीर केलं, "जिना चढले तर बाईक माझी. नाही जमलं तर बाईक शेतकऱ्याला परत, आणि मी पुन्हा व्हॅनमध्ये. कुरकुर करणार नाही. पण मला कोणी ढकलायचं नाही, ओढायचं नाही, आणि यांनी मागून सूचना द्यायच्या नाहीत!"

सूचना द्यायच्या नाहीत हे ऐकून दादांना रात्रभर झोप नव्हती. जुन्या बाईकची सीट बुटकी खरी, पण तरी वहिनींचे फक्त चवडे टेकत. सपाटीवर ठीक आहे. जिन्यावर एका बाजूला पायरी, दुसऱ्या बाजूला खड्डा. तिथे पाय टाकला तर टेकणार कुठे?

पुढे काका, मग मी, मग दादा, मग वहिनी, शेवटी ईशा. पहिल्या पायऱ्या बऱ्या गेल्या. मध्यावर काकांना वाटलं, डावीकडून सोपं पडेल, म्हणून ते बघायला थांबले. ते थांबले म्हणून मी थांबलो. माझी उंची सहा फूट, पाय दणकट. टेकला पाय ओल्या स्लेटवर, आणि सर्रकन गेलो की! मी आडवा, बाईक माझ्यावर. मला उठवायला दादा थांबले. त्यांनीही पाय टेकला, तेही आडवे. काका मागे वळून बघायला गेले आणि आपले हळूच बाईकसकट कडेच्या कुंपणाला टेकले.

तेवढ्यात खालून ते छोटं इंजिन. टक टक टक टक. वहिनी पाय ठेवायच्या फूटपेगवर उभ्या, गुडघे वाकवलेले, नजर वर. एकाच लयीत येतायत.

मागून ईशा ओरडली, "वहिनीऽऽ! थांबू नको!"

काका ओरडले, "वृंदा, सावकाश!"

दादा चिखलात पडल्या पडल्या काहीतरी ओरडणार होते, पण त्यांना बंदी आठवली. त्यांनी तोंडावर हात ठेवला.

वहिनींनी आमच्या कोणाकडे बघितलं नाही. माझं डोकं आणि दादांचं चाक यांच्या मधून, एक पायरी, दुसरी पायरी, पाणी उडवत, टक टक टक टक, वर! वळणाआड दिसेनाशा झाल्या.

मग आमची तारांबळ. वहिनी वर एकट्या! दादांचा चेहरा पांढराफटक. "थांबणार कशी रे ती? पाय पोचत नाहीत, धरायला कोणी नाही, पडली तर?" बाईक उचलायला जावं तर पुन्हा घसरते. काकांचं हँडल कुंपणात अडकलेलं. ईशा आम्हाला एकेकाला ढकलून ढकलून दमली. शेवटी कसेबसे, धापा टाकत, वर पोचलो.

माळरानावर लख्ख ऊन पडलं होतं. मधोमध एक मोठा दगड, आणि त्या दगडाभोवती वहिनी गोल गोल फिरत होत्या. टक टक टक टक. गवतात चाकांची गोल वाट उमटली होती, म्हणजे केव्हापासून फिरत होत्या कोण जाणे.

दादांनी बाईक तशीच गवतावर टाकली आणि पळत सुटले. जड बुटांत, दोन्ही हात पसरून, बाईकच्या बाजूबाजूने धावायला लागले. "आलो गं आलो! घाबरू नकोस! हळू कर, मी धरतो! मी धरतो तुला!"

वहिनींनी हेल्मेटची काच वर केली. चेहरा असा लाल झालेला, डोळ्यांतून पाणी, आणि हसू कानापर्यंत.

"अहो, थांबता येतंय मला!" त्या ओरडल्या. "थांबायचं नाहीये!"